पट्टीच्या अलीकडचा मामा

बाळाच्या खोलीत एक पाळणा, सहा दुपटी, हात साफ करायच्या जेलच्या तीन बाटल्या, एक थर्मामीटर, भिंतीला टेकवलेली एक खुर्ची आणि फरशीवर चिकटवलेली एक लाल पट्टी होती. पट्टी पाळण्यापासून दोन मीटरवर. हे अंतर मामीने मोजलं होतं, आणि त्यासाठी टेप वापरली होती मामाचीच. पट्टीच्या पलीकडे मामी, माझी मामेबहीण आणि तिची दोन महिन्यांची मुलगी. अलीकडे, खुर्चीत, मामा.

मामाचा गुन्हा म्हणजे त्याचं नाक. मामा शिंपी. सगळी उमर लोकांच्या गळ्याभोवती टेप धरण्यात गेली. "कॉलरचं माप घ्यायला जवळ गेलो की गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच शिंकतं," असं तो सांगायचा. फ्लूची साथ आधी मामाकडे येते आणि मग बातम्यांत, असं मामी सांगायची. मामी स्वतः कधी आजारी पडत नाही आणि ते कोणाला विसरूही देत नाही.

त्या रविवारी मामाने पट्टीवरून एक झबलं पुढे केलं. मामीने ते दोन बोटांनी उचललं, धुतलं, वाळवलं, इस्त्री केलं आणि मग बाळाला घातलं. बाळ आत दिसेनासं झालं.

"अहो, हे झबलं आहे की तंबू?"

"मग माप घेऊ दे ना!" मामा खुर्चीतून ओरडला. "दोन मीटरवरून नुसत्या डोळ्यांनी किती मोजू? मागचं लहान झालं, त्याच्या मागचं बाहुलीला गेलं. माझ्या कारागिराने असं माप घेतलं असतं, तर त्याला दुकानातून हाकललं असतं."

"सहा महिन्यांच्या आत बाळाला फ्लूची लस देत नाहीत. तिला काही झालं तर?"

हे खरं होतं. मी मध्ये पडले. "मामी, त्याला सर्दी नसेल तेव्हा, मास्क लावून, हात धुऊन माप घेतलं तर चालेल."

"तू अजून शिकतेयस."

"मी नोकरी करते, मामी."

"तेच ते."

माझी नोकरी प्रयोगशाळेत, फ्लूच्या प्रतिपिंडांवर आहे. प्रतिपिंडं म्हणजे अँटिबॉडी. विषाणूला पकडून ठेवणारी, रक्तातली प्रथिनं. पंचाईत अशी की फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो, म्हणून यंदाची प्रतिपिंडं पुढच्या वेळी हात चोळत बसतात. आम्ही शोधत होतो ती अशी, जी एका वेळी बऱ्याच जातींना पकडतील. एखाद्याच्या रक्तात ती सापडली, तर ती प्रयोगशाळेत बनवून, ज्यांना लस देता येत नाही त्यांना थेट देता येतील का, हे पाहायचं होतं. त्यासाठी साठीच्या पुढचे स्वयंसेवक हवे होते.

"म्हणजे माझ्या रक्तात तसं काही निघालं तर?" मामा ताठ बसला.

"निघालं तर पट्टी हलेल," मामी म्हणाली. "पण मीही देणार रक्त. बघू कोणाचं सरस."

ही स्पर्धा नाही, आणि प्रतिपिंडं असली म्हणजे माणसाकडून लागण होतच नाही असंही नाही, हे मी दोनदा सांगितलं. तोपर्यंत दोघं कोणाची शीर चांगली यावर भांडत होते.

आमच्याकडे नळीवर नाव नसतं, नंबर असतो. त्याचं कार्ड फक्त रक्त देणाऱ्याला मिळतं, म्हणजे तपासणाऱ्याला नळी कोणाची ते कळत नाही. मामा कार्ड उंच धरून कॉरिडॉरभर फिरला. "चारशे सतरा! लक्षात ठेवा हो, चारशे सतरा!" मामी मागून म्हणाली, "आणि चारशे अठरा. ते लक्षात ठेवायची गरज नाही, आपोआप कळेल."

आमच्या मॅडमनी दार उघडून पाहिलं. "तुझे कोण?"

"मामा-मामी."

"मग या दोन नळ्यांना तू हात लावायचा नाहीस. प्लेट मी वाचणार."

पहिली चाचणी लाल पेशींची. प्लेटमधल्या छोट्या खड्ड्यांत स्वयंसेवकाच्या रक्ताचा पातळ भाग, विषाणू आणि लाल पेशी घालतात. विषाणूने पेशी धरून ठेवल्या तर खड्डाभर फिकट जाळं पसरतं. रक्तातल्या प्रतिपिंडांनी विषाणूला अडवलं, तर पेशी तळाशी बसून लाल टिकली दिसते. विषाणूच्या बारा जाती, बारा खड्डे. चारशे अठराच्या ओळीत चार टिकल्या आल्या. चारशे सतराच्या ओळीत एकही नाही.

निकाल सांगायची परवानगी होती, म्हणून सांगितला. मामी "बघा!" म्हणाली, पण तेवढ्यावरच थांबली. मामाने गळ्यातली टेप काढली, गुंडाळून खिशात घातली आणि आपली खुर्ची स्वतःहून आणखी फूटभर मागे घेतली.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," मामी म्हणाली.

"लावून कुठे घेतोय? तू म्हणतेस तेच मशीनही म्हणालं. माझ्यात नुसता फ्लूच आहे."

मामी स्वयंपाकघरात निघून गेली आणि फ्लॉवरवर राग काढू लागली. मी मागोमाग गेले. "माझ्या चार टिकल्या म्हणजे नक्की काय गं?" तिने हळूच विचारलं. जिंकली होती, पण चव लागत नव्हती.

मी तिच्या हातातला फ्लॉवर घेतला. "विषाणूच्या अंगावर असे फ्लॉवर उगवलेले असतात. वर गड्डा, खाली दांडा. सारखा बदलतो तो गड्डा. दांडा जवळजवळ तसाच राहतो. म्हणून दांडा पकडणारी प्रतिपिंडं मिळाली तर बऱ्याच जातींवर चालतील. तुझ्या टिकल्या म्हणजे चार जातींचे गड्डे अडवले."

"बरं," म्हणत मामीने फ्लॉवर परत घेतला, गड्डा तोडून पातेल्यात टाकला आणि दांडा कचऱ्याच्या डब्यात.

मी डब्याकडे बघत राहिले. लाल पेशींची चाचणी फक्त गड्डा अडवणारी प्रतिपिंडं दाखवते. हे मला ठाऊक होतं. मॅडमना ठाऊक होतं. तरीही ही चाचणी स्वस्त म्हणून आम्ही तीच आधी करायचो, आणि तिच्यात पास होईल त्याच्याच रक्तावर दुसरी, दांड्याची चाचणी. दांड्याचं प्रथिन महाग, म्हणून मॅडम ते कुलपात ठेवायच्या. दांडा शोधणारे आम्ही, दांडा न दिसणाऱ्या चाळणीने गाळत बसलो होतो.

"काय झालं?" मामीने विचारलं. "दांड्याचीही भाजी करू का?"

सोमवारी मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"आपण किती जणांना नापास केलं?"

"एकशे बासष्ट."

"आणि ही चाचणी दांड्याला आंधळी आहे, हे प्रस्तावात लिहिलंय."

"पहिल्याच परिच्छेदात."

"कोणी लिहिलं?"

"मी. सही तुमची."

मॅडमनी पर्समधून किल्ली काढली.

सगळ्या नळ्या पुन्हा काढल्या, पास-नापास सगळ्याच. या चाचणीतही बारा जातींचे बारा खड्डे, आणि दांडा पकडला की खड्डा पिवळा होतो. प्लेट मॅडम वाचत होत्या आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. बराच वेळ त्या "नाही, नाही, एक, नाही" असं पुटपुटत होत्या. मग थांबल्या. "बारापैकी अकरा," म्हणाल्या. "परत लावते." परत लावलं, परत अकरा. चारशे अठराच्या ओळीत एक. मग, मामा कॉरिडॉरमध्ये ओरडला होता तसंच, पण बऱ्याच हळू आवाजात, मॅडम म्हणाल्या, "चारशे सतरा." पुढचं काम मोठं होतं: मामाच्या रक्तातली ती प्रतिपिंडं बनवणारी नेमकी पेशी शोधायची.

घरी सांगितलं तेव्हा मामा खुर्चीवर उभा राहिला. "ऐकलंस? अकरा! अगं, माझं रक्त म्हणजे सोनं!"

"सोनं कसलं? सगळे फ्लू ह्यांना होऊन गेलेत, म्हणून अकरा. मी इतकी वर्षं हेच सांगत होते ना? आता प्रयोगशाळेने शिक्का मारला."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. दोघांचंही बहुधा बरोबर होतं, आणि मी तसं सांगितलं. दोघांनाही ते आवडलं नाही.

"पण लागण तो अजूनही करू शकतो," मी म्हणाले. "म्हणून सर्दी नसेल तेव्हा, मास्क लावून, हात धुऊन."

"हे आधी का नाही सांगितलंस?" मामीने विचारलं.

आधी सांगितलं तेव्हा माझ्याकडे प्लेट नव्हती. ताई, माझी मामेबहीण, एवढे दिवस या भांडणात पडली नव्हती. ती उठली, खाली बसून नखाने पट्टीचं टोक उचकटलं आणि एका दमात सगळी ओढून काढली.

"आई, मला तिला नीट बसणारं एक तरी झबलं हवंय."

मामीने मामाच्या काखेत थर्मामीटर खुपसला. ताप नव्हता. तिने त्याचे हात तीनही बाटल्यांतल्या जेलने चोळून घेतले, मास्क डोळ्यांपर्यंत ओढला, आणि मग बाळ स्वतः उचलून त्याच्यासमोर धरलं. मामाने खिशातून टेप काढली. गार लागू नये म्हणून ती आधी तळहातांत धरून ठेवली. मग बाळाच्या काखेखालून फिरवून समोर आणली आणि जुळलेल्या जागी अंगठ्याने दाबली. मामीने श्वास रोखला होता, मामानेही.

"लिही," मामा मला म्हणाला. "छाती, सव्वापंधरा इंच."