साडेपाचची उपकारस्तुती

साधना भालेराव नाशिकच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी संपत आली की साडेपाचच्या सुमाराला ती ताप आणि बीपी बघायला निघायची. खिडकीजवळच्या खाटेवर इगतपुरीचे मोतीरामअण्णा होते. सगळा जन्म रेल्वेत गँगमन म्हणून काढलेला. साधनाच्या गळ्यातला क्रूस बघून पहिल्याच पहाटे ते म्हणाले, "सिस्टर, मी बी ख्रिस्तीच हाय. आधी उपकारस्तुती, मग चहा."

नऊ दिवस हे चाललं. दोघांनी आळीपाळीने एकेका गोष्टीबद्दल देवाचे उपकार मानायचे. साधना अडली की अण्णा हळूच विचारायचे, "अजून?" मग तिला काहीतरी सुचायचंच. शेवटी ते म्हणायचे, "बापा, आज तू काय चांगलं धाडणार, त्याची वाट बघतो. आमेन."

दहाव्या पहाटे हायवेवरच्या अपघातातली माणसं आली. खालच्या मजल्यावर हात कमी पडत होते. पळता पळता साधना म्हणाली, "पाच मिनिटांत आले, अण्णा."

ती परतली पाऊण तासाने. अण्णा उशीला टेकून बसले होते. हात जोडलेले, डोळे दाराकडे. अंग गार पडायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, कोणालाच काही करता आलं नसतं.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी ती घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी प्रार्थनेला बसली. "प्रभू, नव्या दिवसाबद्दल तुझे उपकार मानते," एवढं म्हणून तिने श्वास घेतला, तोच पाठीमागून आवाज आला, "अजून?"

मागे कोणी नव्हतं. नवरा, कुंदन, आत झोपलेला होता.

पुढे दर वेळी तेच. तिने जागा बदलली, गच्चीत जाऊन बघितलं, मनातल्या मनात प्रार्थना केली. शेवटी प्रार्थना सोडूनच दिली. आवाज थांबला, पण झालं ते जास्त वाईट. साडेपाचला जाग यायची आणि पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या खुर्चीत कोणीतरी वाट बघत बसलंय, हे तिला मिटल्या डोळ्यांनीही कळायचं.

"ताण आहे कामाचा," कुंदन म्हणाला. "चार दिवस रजा टाक."

तिने रजा टाकली आणि इगतपुरीची बस पकडली.

अण्णांच्या पत्नी, अंबूबाई, ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. साधनाने सगळं सांगितलं, पाच मिनिटं आणि पाऊण ताससुद्धा.

"म्हंजे एकटंच होतं म्हातारं," अंबूबाई म्हणाल्या.

"हो, मावशी."

त्या खडे वेचत राहिल्या. माफ केलं, असं काही म्हणाल्या नाहीत. वेचलेले खडे अंगणात टाकून म्हणाल्या, "मी बी तवापास्नं प्रार्थना केली नाय. त्यांच्या खाटंकडं पाठ करून निजते. ती रिकामी नाय वाटत." मग तांदूळ बाजूला सारून, "आज ऱ्हा. सकाळी दोघी बसू."

पहाटे बाहेर दाट धुकं होतं. दोघी चटईवर बसल्या. दोघींनी डोळे मिटले. तेवढ्यात मागे अण्णांची खाट करकरली. साधनाने अंबूबाईंचा हात धरला, त्यांनीही तिचा घट्ट धरला. दोघींनी वळून बघितलं नाही.

"बापा," अंबूबाई म्हणाल्या, "म्हातारं बसल्या बसल्या गेलं, तळमळत नाय गेलं. तुझे उपकार."

साधनाला रडू फुटलं. "मी वेळेवर गेले नाही, प्रभू. ते काल यांना सांगता आलं. तुझे उपकार."

मग घरात असलेल्या तांदळाबद्दल झालं, चालत्या गुडघ्यांबद्दल झालं. शेवटाला मात्र अंबूबाई अडल्या. "आता कशाची वाट बघू, तेच कळत नाय."

"उद्या मी फोन करेन, मावशी. त्याची बघा."

तेव्हापासून रोज साडेपाचला साधना फोन लावते, ड्यूटीवर असली तर वॉर्डाच्या जिन्यात उभी राहून. घरातल्या त्या खुर्चीकडे बघायचं ती अजून टाळते. आमेनच्या आधी अंबूबाई थोड्या थांबतात, आणखी कोणाला तरी बोलायला जागा द्यावी तशा. त्या शांततेत कधी कधी फोनमधून एका पुरुषाचा श्वास ऐकू येतो. साधनाने त्याबद्दल कधी विचारलेलं नाही. श्वास थांबेपर्यंत त्या दोघीही गप्प असतात.