धुतलेल्या हुडीची लाज

ड्रायरची घंटा वाजली तेव्हा ग्वेन हॉफस्टेटर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. बाहेर सप्टेंबरचं ऊन पिकल्या पेअरच्या रंगाचं झालं होतं, आणि मेपलच्या शेंड्यांना नुकती कुठे लाली चढत होती. आतल्या खोलीत तिचा नवरा वेंडल दुपारचा झोपला होता. तो उठायच्या आत त्याची निळी हुडी धुऊन वाळवायची आणि त्याच्या खुर्चीवर आणून टाकायची, हे तिचं आठवड्याचं चोरकाम. जागेपणी तो ती अंगावेगळी करत नसे.

तिने ड्रायरचं दार उघडलं आणि हुडी बाहेर ओढली.

घाईघाईत तिने हुडी टॉवेलांबरोबर कडक आचेवर फिरवली होती. कापड आखडलं होतं. पण पुढची चेन काही आखडत नाही. त्यामुळे ती नागिणीसारखी वळणं घेत वर गेली होती, आणि रनर छातीच्या खालीच अडून बसत होता. ग्वेनने ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. तो हलेना.

एका हुडीचं एवढं काय, असं आपण म्हणू. पण वेंडलच्या बोटांमधून सगळी कामं एकेक करून निघून गेली होती. आधी बुटांच्या नाड्या गेल्या, मग सदऱ्याची बटणं, मग काटा-सुरी. आठवणी तर त्याच्याही आधीच पाखरांसारख्या उडाल्या होत्या. राहिली होती ती ही चेन. रोज सकाळी तो हुडी अंगात घाली, दोन्ही टोकं जुळवी, आणि हनुवटीपर्यंत सर्रकन चेन ओढून म्हणे, "चला, गाडी भरली." मुलगी शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची तेव्हा तो बँडची वाद्यं ट्रकमध्ये चढवायला जाई, ही हुडी त्या दिवसांची. ते एक काम तो स्वतःच्या हातांनी करी, आणि ते केल्यावर दिवसभर ताठ चाले. आज उठल्यावर चेन अडली तर? त्याचा तो घाबरा चेहरा ग्वेनला आधीच दिसू लागला.

ओली करून, ताणून पुन्हा वाळवावी, एवढं तिला सुचलं. पण वाळवायची कुठे? ड्रायर तर वैरी झाला होता. तळघरात ओल. आणि बाहेर? बाहेर कपडे वाळत घालायला या वसाहतीत बंदी होती. त्या बंदीवर पहारा ठेवणाऱ्या रहिवासी समितीत ग्वेन स्वतः होती.

शेजारच्या ओपल टॅकेटच्या दोन झाडांमधली दोरी वसंतात तिनेच उतरवायला लावली होती. "रस्त्यावरून दिसतं हो, ओपल. वसाहतीची कळा जाते," असं अगदी गोड बोलून.

हुडी नळाखाली भिजवून, पिळून, पोटाशी धरून ग्वेन त्याच ओपलच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

ओपल केंटकीच्या डोंगरातली, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेली. दार उघडून तिने चष्म्यावरून पाहिलं. "आली का समिती? आज काय मोडलं मी? गवत बोटभर वाढलं, की माझा श्वास रस्त्यावर ऐकू गेला?"

"ओपल, तुमची दोरी आहे का अजून?"

"दोरी? ती तर गुन्हेगार. माळ्यावर कोंडून ठेवलीय." मग तिची नजर हुडीवर गेली, आणि तिचा आवाज खाली आला. "कुणाची गं ही?"

"वेंडलची."

"आहे कुठे तो? दोन हिवाळे झाले, दिसला नाही. तू तर म्हणतेस कंबर धरलीय."

ग्वेनने तोंड उघडलं आणि नेहमीचं खोटं ओठांवर आलंच नाही. पायरीवर बसून तिने सगळं सांगितलं. कंबर नाही, डोकं. चर्चला का येत नाहीत, अंगणात का बसत नाहीत, पडदे का ओढलेले असतात, आणि या चेनवर काय टांगलेलं आहे.

ओपल तिच्याशेजारी पायरीवर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वेडी आहेस. चल, ऊन उतरायच्या आत काम करू. आणि दोरी माझ्याकडे नाही बांधायची. तुझ्या अंगणात."

"माझ्या? समोरून दिसेल हो सगळ्यांना!"

"दिसू दे. मळक्या कपड्याची लाज मला समजते, ग्वेन. धुतलेल्याची कसली लाज? आमच्या डोंगरात दोरीवरून कळायचं, घरात बाळ आलं की म्हातारं आजारी आहे ते. बाया बघायच्या आणि हातात भांडं घेऊन यायच्या. तुम्ही दोऱ्या काढल्या. आता कुणाच्या घरात काय चाललंय ते कुणाला कळत नाही, आणि कुणी येतही नाही. नवऱ्याला तू त्याच लाजेपोटी आत ठेवलंस. तो काय डाग आहे का?"

ग्वेनला हे लागलं. लागलं, म्हणूनच ती उठली, आणि माळ्यावरची दोरी दोघींनी ग्वेनच्या अंगणात बांधली.

ओपल काम करता करता शिकवत होती, तक्रार केल्यासारखी. "धुताना गार पाण्यात, उलटी करून, चेन हनुवटीपर्यंत लावून. उघडी ठेवलीस तर दातच एकमेकांना खातात. आणि कपडे मऊ करायचा तो सुगंधी रस घालत जाऊ नकोस, आतली लव चिकटते त्याने. आता ही मांडीवर घे. मी टोपीकडून धरते, तू खालून धर. चेनीच्या कडेकडेने ताण. हळू. गाय दोहतेस का?"

"मी कुठे दोहलीय गाय."

"तेच म्हणते मी."

दोघी हसल्या. चेनीची वळणं ओल्या कापडात थोडी थोडी विरघळू लागली. ओपल तिच्या आईचं धुण्याचं गाणं गुणगुणत होती, डोंगरातल्या झऱ्याकाठचं:

*पाणी झऱ्याचं गार गं, नको कढत घालू बाई,*
*अंगरखा माझ्या धन्याचा, त्याला वाऱ्याची गं घाई.*

मग त्यांनी झाडूचा लांब दांडा एका बाहीतून घालून दुसऱ्या बाहीतून काढला, टोपी सारखी केली, आणि तो दांडा दोरीला टांगला. वारा आला. निळी हुडी पोटातून भरली, छातीतून भरली, आणि दोन्ही हात पसरून अंगणात उभी राहिली. उन्हात तिच्यातून वाफ निघत होती, जणू आत कुणी सावकाश श्वास घेत होतं. मेपलची पानं तिच्या खांद्यावरून घसरत गवतात उतरत होती, आणि पाहता पाहता ग्वेनला वाटलं, हा वेळ आजचा नाहीच. कधीतरी स्वप्नात येऊन गेलेली ही दुपार आहे.

"ग्वेन? हे काय चाललंय?"

समितीचा अध्यक्ष क्रेग डनलेव्ही कुत्र्याला फिरवत रस्त्यात थांबला होता. "तुम्हीच असं केलंत तर मी बाकीच्यांना काय सांगू?"

त्याच वेळी मागे जाळीचं दार वाजलं. नुसत्या बनियनवर, अनवाणी, वेंडल ओसरीवर आला होता. झोपेचा एक पदर अजून डोळ्यांवर होता. तो पायऱ्या उतरून गवतात आला आणि हुडीसमोर थांबला.

"हा माणूस ओळखीचा आहे," तो म्हणाला. "चांगला होता बिचारा."

क्रेगने एकदा वेंडलकडे पाहिलं, एकदा ग्वेनकडे. ग्वेनच्या मनात आलं, याला हाताला धरून आत न्यावं, हुडी ओढून काढावी, पडदे सारावेत. एवढं केलं की पुन्हा सगळं नीट दिसेल. पण ती क्रेगकडे वळली.

"क्रेग, कंबरेचं मी खोटं सांगत होते. वेंडलची आठवण जातेय. त्याला ही एकच चेन लावता येते, आणि ती मी ड्रायरमध्ये बिघडवली. म्हणून दोरी बांधलीय. उद्याही बांधेन. तुला नोटीस द्यायची तर दे."

वारा वाढला, दांडा एका बाजूला कलला. वेंडल एकदम ताठ झाला. "अरे, बघत काय राहिलास?" तो क्रेगवर ओरडला. "ती बाजू धर! ट्रकमध्ये असंच आडवं घालणार का?"

क्रेगची मुलगी त्याच बँडमध्ये झांजा वाजवून गेली होती. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्याने कुत्र्याची दोरी ओपलच्या हातात दिली, गवतात आला आणि दांड्याचं टोक धरलं. "धरली, साहेब," तो म्हणाला.

हुडी वाळेपर्यंत तो तिथेच होता. रनर सरकावा म्हणून ओपलने पांढऱ्या मेणबत्तीचं टोक चेनीच्या दातांवरून फिरवलं. वेंडलने हुडी अंगात घातली, टोकं जुळवली. रनर निघाला, छातीच्या खाली अडला. वेंडलच्या कपाळाला आठी पडली. ग्वेनचे हात पुढे झाले, आणि ओपलने तिचं मनगट धरलं. वेंडलने रनर जरा खाली घेतला, पुन्हा ओढला. चेन कुरकुरत, वळणावळणाने हनुवटीपर्यंत पोहोचली.

"थोडी तोकडी झालीय," वेंडल म्हणाला. "की मीच वाढलो?"

ऑक्टोबरच्या सभेत बंदी उठवायचा ठराव ग्वेनने मांडला. विरोध झाला, टोमणेही झाले. "उद्या कोंबड्या पाळाल!" असं कुणी म्हणालं, आणि ओपल म्हणाली, "अंडी पाठवीन हो तुम्हाला." ठराव थोड्याच मतांच्या फरकाने पास झाला. त्यानंतर उघडीपीच्या दिवसांत त्या गल्लीत चादरी उडू लागल्या, मोजे लोंबू लागले, आणि हॉफस्टेटरांच्या दोरीवर काय आहे ते पाहून कुणी सूप घेऊन येई, कुणी तासभर वेंडलपाशी बसे म्हणजे ग्वेनला डोळा लागे.

पुढच्या वसंतात चेनही वेंडलच्या बोटांतून गेली. आता ती ग्वेन लावते, अंगणात, सगळ्यांसमोर, आणि जाणारा-येणारा थांबून त्याला हाक मारतो.

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, वस्त्र असो की माणूस, ते जपायचं तर गार पाणी हवं, हलका हात हवा, आणि मोकळा वारा हवा. घाईची आच कापड आखडवते. लाजेची आच घर आखडवते. आपल्या घरातलं दुखणं पडद्याआड कोंडू नका, आणि शेजाऱ्याची दोरी दिसली तर नाक मुरडू नका. जरा थांबा, तिच्यावर काय वाळतंय ते पाहा, आणि एक टोक धरा.