एंटरखालचं कुंकू

मी बोलतोय, टेबलावरचा कीबोर्ड. बोलतो तो कॉम्प्युटर, असं लोकांना वाटतं. पण त्याला काही सांगायचं असेल तर ते माझ्या पाठीवरूनच जातं. माझ्या अंगावरची निम्मी अक्षरं बोटांनी घासून पुसून टाकली आहेत. उजव्या बाजूला, जिथं इतरांच्या अंगावर एंटर नावाची मोठी कळ असते, तिथं माझ्या अंगावर पितळेचं बटण आहे. लष्करी सदऱ्याचं. नवा माणूस आला की आधी ते बघतो आणि हसतो. हसू दे. त्या बटणाइतकं मोठं पदक आमच्या जातीत दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही.

माझा जन्म तैवानातला. पोटाखाली तसा शिक्का आहे म्हणून सांगतो, नाहीतर मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते साताऱ्यातलं ऑफिस. तिथले साहेब एका बोटानं टाइप करायचे आणि उरलेली नऊ त्याच्याकडे बघत बसायची. पुढं नवी मशिनं आली आणि आमची रवानगी जिन्याखाली झाली. तिथं झुरळांनी माझ्यात संसार थाटला.

तिथून मला उचललं वीरधवलनं. तो लष्करात सिग्नलमध्ये होता. इकडचा निरोप तारेवरून तिकडं पोचवायचा, हेच त्यानं उभी जवानी केलं. पेन्शन घेऊन तो आपल्या गावी, कऱ्हाड-विटा रस्त्यावरच्या वांगरवाडीत आला आणि केबलचा धंदा सुरू केला. मला नेताना कॉम्प्युटर एसटीच्या टपावर बांधला होता. मी मात्र त्याच्या मांडीवर होतो.

घराच्या पुढच्या सोप्यात त्यानं खोली मांडली. तीन व्हीसीआर, एक टीव्ही, आम्ही दोघं आणि त्यानं स्वतः जोडलेली एक लाकडी पेटी. मी हुकूम घेतला की पेटीत टक् असा आवाज व्हायचा आणि हवा तो व्हीसीआर फिरायला लागायचा. तिथून वायर गावभर गेलेली. कौलांवरून, आंब्यावरून, देवळाच्या शिखराला वळसा घालून घराघरांत.

कॉम्प्युटरचा पडदा काळाभोर. त्यावर एक पांढरी रेघ उघडझाप करत हुकमाची वाट बघत असायची. जत्रा कमिटीचे म्हातारे नानासो एकदा बघायला आले आणि चक्रावले.

"आरं, ह्यात चित्र कुठाय?"

"चित्र तुमच्या घरात, नाना. हितं नुस्ता हुकूम."

हुकमांची नावं वीरधवलनं आपल्याच भाषेत ठेवली होती, अक्षरं तेवढी इंग्रजी. 'लाव दोन' म्हटलं की दोन नंबरच्या व्हीसीआरमधला सिनेमा अख्ख्या गावात लागायचा. 'थांब' म्हणजे थांब. 'गुंडाळ' म्हटलं की कॅसेट मागं जायची. 'पट्टी' म्हटलं की सिनेमाच्या पायाशी अक्षरं सरकायची आणि कुणाची शेळी हरवली ते गावाला कळायचं. 'कॅमेरा' हा शेवटचा हुकूम त्यानं तयार करून ठेवला होता, पण तो अजून एकदाही वापरला नव्हता.

त्याची पलटणीतली एक सवय गेली नव्हती. हुकूम टाइप करताना तो मोठ्यानं बोलायचा. "लाव. दोन. दाबला." दाबला म्हणजे एंटर. आत चुलीपाशी त्याची बायको राजेश्वरी भाकरी थापत असायची.

"आवं, माझ्याशी बोलताय का भिताडाशी?"

"मशिनीशी. पलटणीत आमी 'दाबला' म्हनलं की पलीकडनं 'पोचला' म्हनायचे. हितं कोन म्हननार?"

"मग तिलाच म्हना की. आन् भाकरी बी तिलाच मागा."

धाकटा भाऊ आकाराम. शाळा सातवीत सोडलेली, राग नाकाच्या शेंड्यावर. वायर खांद्यावर टाकून माकडासारखा झाडावर चढायचा. त्याला दादा माझ्या जवळ फिरकू द्यायचा नाही. "तुझा हात कुदळीचा हाय गड्या. तू वर, मी खाली." ह्या वाटणीवर दोघंही खूश होते.

आता कुंकवाचं सांगतो. खंडेनवमीला त्यांची आई बनुबाई हत्यारं पुजायची. विळा, खुरपं, पहार, पोराचा स्क्रू ड्रायव्हर. मग ती ताट घेऊन माझ्यापाशी आली. "ह्ये बी पोराचं हत्यारच की," म्हणाली. उजवीकडची मोठी कळ, एंटर, बघून तिच्यावर चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू वाहिलं आणि वर नारळाचं पाणी शिंपडलं. इतक्या मायेनं मला कुणी हात लावला नव्हता. पण ते पाणी हळदकुंकू घेऊन आत उतरलं आणि वाळून दगड झालं. एंटर जाम झाला. वीरधवलला कळलं, पण आईपुढं तो बोलला नाही. अंगठा खालच्या कोपऱ्याला लावून जरासा ओढत दाबलं की कळ उतरते, हे त्यानं शोधून काढलं. ही खूण त्याला आणि मलाच ठाऊक होती.

त्याच सुमाराला हरणाबाई घरी आली होती. तिचा बिराप्पा पंचक्रोशीतला नावाजलेला पैलवान. लहानपणापासून त्याला दूध, बदाम, तेल, सगळं तिनं पुरवलं. पण आमच्याकडं कुस्तीच्या मैदानात बायका जात नाहीत. लेकाची एकही कुस्ती तिनं बघितली नव्हती.

"जितला की फेटा बघायचा, हरला की पडल्यालं तोंड बघायचं," ती म्हणाली. "मधलं काय बी ठावं न्हाई मला."

"मावशी, येत्या जत्रंला हितं सोप्यात बसून बघा. समद्या बायकास्नी घरात मैदान दावतो. माझा शब्द."

माघात एक दिवस आकाराम कॅसेटी आणायला सांगलीला गेला होता. माळावरच्या वस्तीची लाइन तुटली. वीरधवल स्वतः खांबावर चढला आणि तिथून पडला. हुकूम अर्धा टाइप करून तो उठला होता. पांढरी रेघ त्या अर्ध्या हुकमापुढं उघडझाप करत राहिली.

आकाराम एसटीतून उतरला तेव्हा हातात कॅसेटींची पिशवी होती आणि समोर गाव गोळा झालेलं. स्मशानातून आल्यावर तो सोप्यात शिरला आणि माझ्यावर मूठ हाणली. "तू हायस, आन् माझा दादा न्हाई!" मग माझ्यावरच डोकं टेकून रडला. त्याचं खारं पाणीही माझ्या आत गेलं. सोप्याला कुलूप लागलं. गावातल्या टीव्हींवर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या.

फाल्गुन सरता सरता नानासो आले. "पोरा, जत्रा तोंडावर आली. विट्याकडचा एक केबलवाला लाइन घ्यायला तयार हाय. मैदान काय त्यो दावणार न्हाई, पर पिक्चर तरी दावंल. लोकं किती दिस मुंग्या बघत्याल?"

"लाइन दादाची हाय. आन् मैदान मी दावणार."

"तुला येतंय का त्यातलं काय?"

"न्हाई."

"मग रं?"

"दावणार म्हंजी दावणार! दादाचा शब्द हाय."

नानासो काठी टेकत उठले. "बरं. मैदानापत्तूर थांबतो. त्या दिशी न्हाई दिसलं तर मी विट्याला निरोप धाडतो."

आकारामनं कुलूप काढलं, माझ्यावरची धूळ फुंकली आणि कुदळीच्या हातानं टाइप करायला लागला. काय टाइप करावं, हेच त्याला माहीत नव्हतं. पडदा दर वेळी इंग्रजीत सांगायचा की हा हुकूम चुकीचा आहे. शेवटी त्यानं मूठ उगारली. मी अंग चोरलं.

तेवढ्यात आतून आवाज आला. "लाव."

आकारामची मूठ वरच राहिली. "वैनी?"

राजेश्वरी दारामागं उभी होती. दीर समोर नसल्यासारखं, भिंतीकडं बघून बोलत होती. "'लाव'ला तीन टकटक व्हायच्या. मग लांबडी कळ वाजायची, तिचा आवाज ढब्ब असा येतो. मग एक टक. मग म्हनायचे, दाबला."

इतकी वर्षं भाकरी थापताना तिच्या कानावर ते पडत होतं. तिनं कधी ऐकायचं म्हणून ऐकलं नव्हतं, पण एकही टक विसरली नव्हती. ती आवाज सांगू लागली आणि तो अक्षरं शोधू लागला. वायरच्या भेंडोळ्यांवर आणि ट्रकच्या पाट्यांवर बघून त्याला अक्षरं ओळखता येत होती. जुळवाजुळव करत तीन अक्षरं बसली. एंटर मात्र हलेना. त्यानं मूठ हाणली, परत हाणली, आणि पेटीत टक् झालं.

तो आवाज त्या घरानं किती दिवसांनी ऐकला. टीव्हीवर सिनेमा लागला, पण बघत कुणीच नव्हतं. राजेश्वरीनं पदर तोंडाला लावला होता.

मग रोज दुपारी शिकवणी चालली. थांब, गुंडाळ, पट्टी. 'कॅमेरा' हा हुकूम वीरधवल दिवसातून एकदा नुसता म्हणून बघायचा, तोही तिला पाठ होता. दर वेळी एंटरला मूठ बसायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, अंगठा लाव, कोपऱ्याला! पण दुसऱ्यानं दाबल्याशिवाय माझं एक अक्षरही उमटत नाही.

चैत्रात जत्रा आली. कऱ्हाडचा लग्नात शूटिंग करणारा फोटोवाला कॅमेरा घेऊन मैदानात उभा राहिला. उसाच्या बांधावरून, विहिरीच्या कठड्यावरून आकारामनं सोप्यापर्यंत वायर ओढली. गावातल्या बायका टीव्ही असलेल्या घरांत दाटीवाटीनं बसल्या. हरणाबाई नवं लुगडं नेसून आमच्या सोप्यात, टीव्हीसमोर. "जवळ बसते, मला लांबचं दिसत न्हाई," म्हणाली.

ऊन उतरलं. मैदानात हलगी कडाडली, कर्ण्यातून बिराप्पाचं नाव आलं. आकारामनं टाइप केलं, "कॅमेरा," आणि एंटरवर मूठ हाणली.

काही नाही.

परत हाणली. काहीच नाही. चैत्राच्या उन्हानं आतलं कुंकू पार घट्ट आवळलं होतं. टीव्हीवर जुन्या सिनेमातली नटी बागेत फिरतच होती. शेजारच्या घरांतून आरडाओरडा सुरू झाला. "आक्या, आरं त्या बाईला घालव की! मैदान लाव!"

हरणाबाई टीव्हीकडं बघत होती. "सुरू झाली का रं माझ्या लेकाची?" आवाज रडवेला होता.

आकारामनं दादाचा स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"भाऊजी, मोडंल ते!" राजेश्वरी ओरडली.

"मोडू दे!"

त्यानं स्क्रू ड्रायव्हर एंटरखाली घातला आणि एका झटक्यात कळ उपटली. कळ उडून बनुबाईच्या पायाशी पडली. मला दुखलं का? नंतर दुखलं. तेव्हा मात्र बरेच दिवस घशात अडकलेला घास निघावा तसं वाटलं. आत तांबडा-पिवळा खडा बसला होता.

बनुबाईनं वाकून बघितलं. "आगं बया! ह्ये तर माझंच कुंकू!"

आकारामनं टोकानं खडा उकरला, फुंकर मारली आणि उघड्या पडलेल्या खुंटीवर अंगठा ठेवला. दादाचा असायचा तसाच, त्याच जागी. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो दादासारखा मोठ्यानं बोलला.

"कॅमेरा. दाबला."

टक्.

बाग गेली, नटी गेली. टीव्हीभर तांबडी माती दिसली. तिच्यात दोन पैलवान एकमेकांना भिडलेले, आणि त्यातल्या एकाच्या पाठीवर हरणाबाईनं जन्मभर तेल चोळलं होतं.

"ह्यो माझा!" ती ओरडली. मग तिला कुणी आवरू शकलं नाही. "बिराप्पा, दम खा! आरं पाय धर त्याचा! मागं बघ, मागं!" शेजारच्या घरातून, त्याच्या पलीकडच्या घरातून, अख्ख्या वांगरवाडीतून बायकांचा गलका उठला. बिराप्पा खाली गेला तसा गलका थांबला, तो उलटून वर आला तसा दुप्पट उसळला. त्यानं समोरच्याला चितपट केलं तेव्हा तर कौलं हलली.

मी टीव्हीवर बघितलं. मैदानातला हलगीवाला वाजवायचा थांबला होता. फेटे बांधलेली सगळी माणसं माना वळवून गावाकडं बघत होती. आजवर मैदानाचा आवाज गावात यायचा. त्या दिवशी गावाचा आवाज मैदानात गेला.

दिवेलागणीला नानासो आले, पायांना मैदानाची माती. हरणाबाईनं त्यांना दारातच धरलं आणि लेकानं कुठला डाव टाकला ते हातवारे करून सांगितलं.

"मला काय सांगतीस? मी हुतो तितं!" ते म्हणाले.

"व्हता, पर तुमच्या म्होरं फेटंवालं हुतं. मला समदं दिसलं!"

नानासो हसले. आकारामच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लाइन तुजी रं बाबा. विट्याला काय निरोप जात न्हाई."

ते गेल्यावर आकारामला रडू आलं. पण या वेळी त्यानं तोंड माझ्यापासून बाजूला केलं, पाणी आत जाऊ नये म्हणून. तेवढी अक्कल त्याला आली होती.

उपटलेली कळ परत बसली नाही, तिचे पाय मोडले होते. दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं ट्रंक उघडली, वीरधवलच्या लष्करी सदऱ्याचं एक बटण तोडून आणलं आणि दिराच्या हातात दिलं. त्यानं ते गोंद लावून माझ्या खुंटीवर बसवलं.

त्याला आता दोन वर्षं झाली. माझी तब्येत ठणठणीत आहे. सन दोन हजार लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार, असं लोक बोलतात. आकाराम म्हणतो, "पडू दे. स्क्रू ड्रायव्हर हाय."

माझं एकच मागणं आहे, आणि ते बनुबाईंकडं. आई, खंडेनवमीला मला अवश्य पुजा. फूल वाहा, ओवाळा, हळदकुंकूही लांबून दाखवा. नारळाचं पाणी तेवढं पहारीला घाला.

बाकी मला काही नको. सकाळी आकाराम येतो, टेबलापाशी बसतो. "लाव. दोन." अंगठा पितळेवर येतो. "दाबला." पेटीत टक् होतं. आणि चुलीपाशी भाकरी थापता थापता, न थांबता, राजेश्वरी म्हणते,

"पोचला."