जाळ्यातला कस्तूर

वर्षातून एकदा, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, आमचं पक्षी-अभ्यास केंद्र लोकांसाठी उघडं असतं. सैबेरियाकडे परत निघालेले पक्षी या डोंगरावर दोन-चार दिवस टेकतात. आम्ही बारीक जाळी लावून ते धरतो, पायात नंबराचं कडं घालतो आणि सोडून देतो. बावीस वर्षं मी हे करतेय, आणि बावीस वर्षं मी बाबांना इथे फिरकू दिलेलं नाही.

यंदा ते आलेच. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, एकटे, बसनं.

आमच्या गावात पक्षी मारायला बंदी आल्यावरही पहाटे चोरून जाळी लागायची. त्यात सगळ्यांत तरबेज तोकुजिरो, म्हणजे माझे बाबा. कस्तूर पक्षी धरायचे, भाजायचे, खानावळींना पुरवायचे. पुढे पकडले गेले, पेपरात नाव आलं. लग्नानंतर माझं आडनाव बदललं आणि मी सुटले. मी कुणाची मुलगी हे केंद्रात कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं तर माझ्या हातात पुन्हा कुणी पक्षी देणार नाही, ही धास्ती मला कायमची.

"बाबा, दोरीच्या पलीकडे उभं राहायचं, पाहुण्यांसारखं. आणि तोंड बंद," मी त्यांना बाजूला घेऊन बजावलं.

"सुईदोरा आण, शिवूनच टाक," ते म्हणाले.

जाळी तपासायच्या नऊच्या फेरीत एक कस्तूर वाईट अडकला. जाळ्याचा धागा थेट जिभेमागे गेला होता. पक्ष्याच्या जिभेला मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यात धागा रुतला की ओढून चालत नाही. दोरीपलीकडे तीस-चाळीस माणसं माना उंचावून बघत होती. मी काडीनं धागा उचलू पाहिला, जमेना. केंद्रातल्या मुराइ-सानांनी कात्री दिली, तिचं टोक आत पोचेना. पक्षी चोच उघडी टाकून डोळे मिटायला लागला.

"आधी पाय सोडवलेस, तिथेच घोळ झाला," मागून आवाज आला. बाबा दोरी ओलांडून आले होते. "सरक."

मी सरकले. पण त्याआधी कोण बघतंय ते मी पाहून घेतलं, याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी पक्षी उलटा केला, चोचीत हलकी फुंकर मारली आणि करंगळीच्या नखानं धागा पुढे सरकवला. झालं. पाच सेकंदही लागले नसतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही अभिमान वाटला.

मग त्यांचा अंगठा सरकला आणि कस्तुराच्या छातीवर येऊन टेकला.

ते मी शेकडो वेळा पाहिलं होतं. जाळ्यातून काढलेल्या प्रत्येक पक्ष्याची छाती ते अशीच दाबून धरायचे. दहा मोजेपर्यंत पक्षी गार व्हायचा, रक्ताचा थेंबही नाही.

"बाबा!"

अंगठा थांबला. बाबा स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"घे पोरी, लवकर घे. हा अंगठा माझं ऐकत नाही."

मी पक्षी घेतला. त्याचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं. कडं घातलं, नंबर वाचला, मुराइ-सानांनी तो वहीत लिहिला. हात उघडल्याबरोबर कस्तूर बांबूच्या बनावरून उत्तरेला गेला.

"आजोबा, किती हळुवार हात हो तुमचा!" पुढे उभ्या असलेल्या एक बाई कौतुकानं म्हणाल्या. "कुठे शिकलात?"

बाबांनी दोन्ही हात खिशात कोंबले आणि खाली बघत उभे राहिले. तोंड बंद ठेवायला मीच तर बजावलं होतं.

"हे माझे बाबा," मी म्हणाले. "चोरून कस्तूर मारायचे. मेलेले पक्षी ठेवायला टोपली मी धरायचे."