मापाची मूठ

सातवा नॉब हेमावतीनं डाव्या हातात घेतला, बोटं मुद्दाम अर्धीच वळवली आणि उजव्या हातानं तो खालून ओढला. नॉब लगेच सुटून आला.

“हाही नको,” ती म्हणाली.

धारवाडकडच्या लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीतल्या त्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ती पाऊण तास उभी होती. काचेत फूल अडकवलेला, स्टीलचा जड, कातडं शिवलेला, सोनेरी पट्टीचा, असे गिअरचे सगळे नॉब दुकानदार प्रभंजननं काउंटरवर मांडले होते. बाईंचं ते अर्ध्या मुठीचं प्रकरण त्याला कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “नोडरी, बघा अक्का, नॉब घ्यायलाय का जावई बघायलाय?”

हेमावती हसली, पण तिनं घाई केली नाही. तिचं तिलाच नवल वाटत होतं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. घर उणकलला बांधायचं की धारवाडात, पडदे कुठल्या रंगाचे, मारुती पांढरी की लाल, सगळं मुकुंदरावांनी ठरवलं होतं आणि ती बरं म्हणाली होती. त्याचं तिला दुःख नव्हतं. मुलींच्या शाळेत दिवसभर शिवण शिकवून घरी आल्यावर निवडानिवड करायचं त्राण उरायचं नाही. आणि मुकुंदराव भूमापन खात्यात हेडक्लार्क होते. एकदा निर्णय घेतला की फाइल बांधून ठेवायची, ही त्यांची सवय.

पण या वेळचा त्यांचा निर्णय तिला पटला नव्हता.

फेब्रुवारीत न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बोटं पुरती मिटेनात. जपून गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून मे महिन्यात त्यांनी गाडी बाहेर काढली, आणि उणकलच्या चौकातच दुसरा गिअर टाकताना नॉब त्यांच्या हातातून निसटला. गाडी बंद पडली. मागं लॉरीवाला हॉर्न वाजवत राहिला. चौघांनी ढकलून ती कडेला नेली. त्यांत त्यांच्याच ऑफिसातला एक जुना शिपाई होता. साहेब, तुम्ही आत बसूनच राहा, आम्ही ढकलतो, असं तो म्हणाला. तो आदरानंच बोलला होता. मुकुंदरावांना तेच लागलं.

त्या दिवशी गाडीवर कव्हर पडलं. मुकुंदराव व्हरांड्यात गाडीकडे पाठ करून बसायला लागले. महिन्याभरानं त्यांनी गाडी विकायची ठरवली, आणि अळणावरचे बाबाजी नावाचे एक किराणा दुकानदार येत्या रविवारी ती बघायला येणार होते.

मंगळवारी हेमावती स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे बघत होती. कपाटाचं दार त्यांनी तळव्यानं सहज लोटलं, पण त्याचा गोल गुळगुळीत गोळा धरून ते परत ओढायला गेले तेव्हा बोटं सरकली. मग पाणी प्यायला त्यांनी तांब्या उचलला, तो मात्र काठाखाली बोटं अडकवून, त्याच हातानं, एक थेंबही न सांडता. ती कणीक मळता मळता थांबली. यांना ढकलता येतं. ओढता येत नाही ते फक्त गुळगुळीत असलं तर.

स्वेटरचं निमित्त करून तिनं टेपनं त्यांच्या हाताचं माप घेतलं. शुक्रवारी नॉब फिरवून काढला, रुमालात बांधला आणि भाजीची पिशवी घेऊन सिटी बसमध्ये बसली.

हे सगळं तिनं प्रभंजनला सांगितलं तेव्हा त्यानं काउंटरवरचे नॉब आवरायला घेतले. असला काठाचा नॉब कुठल्याच कंपनीत मिळायचा नाही, तो म्हणाला, आणि दाजीबानपेठेतल्या मंजुनाथचा पत्ता दिला.

मंजुनाथ कातारी होता. लाटणी, पाळण्याचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, असं लाकडाचं काम तो वडिलांच्या वेळच्या यंत्रावर करायचा. गाडीचं काम त्यानं कधी केलं नव्हतं. तिनं कागदावर चित्र काढलं. वर तळवा टेकेल असा रुंद, खाली बारीक, आणि मध्ये बोटं अडकतील असा काठ. अळंबीसारखा. कागदाच्या कडेला तिनं मापं लिहिली होती. मंजुनाथनं ती वाचली आणि तिनं आणलेला जुना नॉब उलटा करून पाहिला. मग म्हणाला, “आकार होतो, अक्का. पण आटे मी पाडू शकत नाही. हा जुना फोडून आतला पितळी भाग काढून लाकडात बसवावा लागेल. जमलं नाही तर हातात काही राहणार नाही. विचारून येता का घरी?”

रविवारी ग्राहक येणार आणि गाडीला नॉबच नाही, असं झालं तर मुकुंदरावांना काय वाटेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. त्यांनी बोलून दाखवलं नसतं, तेच जास्त वाईट होतं.

“विचारायचं नाही,” ती म्हणाली. “फोडा.”

शिसवाचा तुकडा यंत्रावर फिरायला लागला. ती तिथंच स्टुलावर बसली. दोनदा तिनं काठ आणखी खोल करायला लावला, एकदा कड गोल करायला. मंजुनाथ कुरकुरला नाही. उलट शेवटी त्यानं पॉलिश दोनदा केलं.

शनिवारी मुकुंदराव दुपारी झोपल्यावर तिनं कव्हर वर करून मूठ दांड्यावर बसवली. ती जरा डुगडुगत होती. हेमावती घरात गेली, मशीनचा दोरा आणला आणि आट्यांवर आठ-दहा वेढे घालून मूठ पुन्हा फिरवली. आता ती हलेना. त्या दुपारी तिला चहाही गोड लागला नाही.

रविवारी दहाला बाबाजी आले. चहा झाला. गाडी जरा चालवून दाखवा, ते म्हणाले. मुकुंदरावांनी किल्ली त्यांच्यापुढं धरली, पण बाबाजींना चालवता येत नव्हतं. त्यांचा मुलगा चालवणार होता आणि तो आला नव्हता. दुसरा इलाज नव्हता. मुकुंदराव गाडीत बसले, डावा हात पुढं नेला आणि थबकले.

त्यांनी खिडकीतून हेमावतीकडे पाहिलं.

“जुना निसटायचा,” ती म्हणाली. “म्हणून हा करून आणला.”

“कुणी सांगितलं करायला?”

“कुणी नाही.”

त्यांनी तळवा मुठीवर ठेवला. बोटं आपोआप काठाखाली गेली. गिअर मागं आला, पुन्हा पुढं गेला, परत मागं आला. बाबाजी शेजारी बसले आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

हेमावतीनं फाटक लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. चौकाच्या दिशेनं लॉरीचा हॉर्न ऐकू आला की ती कडी धरून तिकडं बघत राहायची. उणकलच्या तळ्यापर्यंत जाऊन यायला दहा मिनिटं पुरली असती. पंचवीस झाली. तिला वाटलं, गाडी पुन्हा कुणीतरी ढकलत आणतंय. मग वळणावर पांढरं बॉनेट दिसलं. गाडी आपल्या पायानं चालल्यासारखी संथ येत होती आणि मुकुंदराव बाबाजींना धारवाडच्या जुन्या रस्त्याची काहीतरी हकिकत सांगत होते.

बाबाजी उतरले ते हसतच. “वैनी, गाडी झकास आहे,” ते म्हणाले, “पण साहेब काय ती मला देत नाहीत. वाटेत दोनदा विचारलो, दोन्ही खेपेला दुसरंच बोलले.”

हेमावतीला एकदम इतकं हलकं वाटलं की ती पायरीवर बसलीच. मग उठून तिनं बाबाजींना जेवूनच जायचा आग्रह केला. त्यांना बस गाठायची होती. ते गेले.

ती भाताचा कुकर लावून बाहेर आली, तर मुकुंदराव अजून गाडीतच होते. दार उघडं होतं, एक पाय बाहेर टेकलेला, मान मागं टाकलेली. त्यांना झोप लागली होती. डावा हात मांडीवर उताणा पडला होता, बोटांची पेरं लाल होऊन सुजली होती. संध्याकाळी ती दुखणार, गरम पाण्याचा शेक द्यावा लागणार. धारवाडपर्यंत एका दमात जाणं आता जमायचं नाही, हेही तिला कळलं.

आत कुकरची शिट्टी झाली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. हेमावती तशीच मागं फिरली, चपला हातात घेऊन.