होणाऱ्या जावयाचं तळघर

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला धबधबा दाखवू नये, हे मुलीला जरा उशिराच कळलं. बाबांनी कठड्यावरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "एवढं पाणी वाया जातंय आणि लोक फोटो काय काढतायत!"

सीमेवरच्या त्या टीचभर गावात ते आले होतेच नाकं मुरडायला. मुलीने इथल्या एका वाईनवाल्याशी लग्न ठरवलं होतं आणि बाबांच्या होकारासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. होकाराशिवायही लग्न झालं असतं, पण आई गेल्यावर तिला हक्काचं म्हणावं असं हेच एक माणूस उरलं होतं. नशीब तिचं!

किल्ल्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं, हा किल्ला तीन राजांनी जिंकला. "म्हणजे तीनदा हरला," बाबा म्हणाले. "आणि वर पाटी लावतात." मग त्यांनी सीमेपलीकडच्या देशाकडे एक नजर टाकली आणि तोही नापास केला.

दुपारी तळघरात जावई प्रत्येक पिंपातून बोटभर वाईन काढून देत होता. एरवी तिथली रीत अशी, की घोट तोंडात घोळवायचा, चव ताडायची आणि मातीच्या मोठ्या जगमध्ये थुंकायचं. गिळत बसलं तर माणूस दुपारीच आडवा व्हायचा. पण सासऱ्यासमोर थुंकायचं कसं, म्हणून आज तो आणि मुलगी दोघंही मुकाट गिळत होती. सकाळपासून कामगारांनी भरलेला जग मात्र टेबलावर तसाच राहिला होता.

दोघं मागच्या पिंपाकडे वळली, तेवढ्यात बाबांनी त्या जगमधून पेला भरला.

"आम्हाला थेंब थेंब, आणि चांगला माल बाजूला काय?" म्हणत त्यांनी तो घटाघटा रिचवला. डोळे मिटले. "वा! ही खरी वाईन! एकात किती चवी! माझ्या जिभेपासून काय लपणार? असा हात असलेल्याला पोरगी द्यायला माझी ना नाही."

"अहो बाबा, ते तर..." जावई पांढराफटक पडला.

मुलीने त्याच्या पायावर पाय दिला. तिची शाळा, तिची नोकरी, तिने केलेला चहा, बाबांनी आजवर कशालाच बरं म्हटलं नव्हतं. तिला किळस आली, थोडी कीव आली, आणि खरं सांगायचं तर मनातून गुदगुल्याही झाल्या.

"एवढ्यावरच थांबलात, बाबा?" म्हणत तिने स्वतःच्या हाताने त्यांचा पेला काठोकाठ भरला.