साखरेचे वीस रुपये

मी एक जुनी वाटी आहे, मित्रांनो. पितळेची, आतून कल्हई केलेली, काठाला एका बाजूनं पोचा आलेली. म्हातारपणी शहाणपण येतं म्हणे. वाट्यांना येत नसावं. माझा जन्म देण्याघेण्यात गेला, तरी देणं फिटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्ही शाळेत जाता. ऐका, आणि कळलं तर मलाही सांगा.

तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. फार दुखलं हो! अनसूयाबाईंनी नव्या संसारासाठी वसईच्या बाजारातून मला विकत घेतलं, बुडावर स्वतःचं नाव कोरून घेतलं आणि जवळच्या वटार गावी आणलं. केळीच्या वाडीत त्यांचं घर आणि कुंपणापलीकडे रोवेनाबाईंचं. साखर संपली की अनसूयाबाई अंगणातून हाक मारायच्या, "रोवेना, वाटीभर साखर दे गं उसनी!" साऱ्या आळीला ऐकू जायचं, पण लाजबिज काही नाही. फेडताना मात्र मी काठाच्या वर शीग लावून जायची. मग त्या जास्तीच्या साखरेपायी रोवेनाबाई माझ्यात दोन लिंबं घालून पाठवायच्या, नाताळात करंज्यांसारख्या नेवऱ्या. वाटी रिकामी परत करायची नाही, हा दोन्ही घरांचा कायदा. त्यामुळे फिटलं फिटलं म्हणता कुणाच्या तरी अंगावर काहीतरी राहायचंच. कोण कुणाचं देणं लागतं, याचा मी वर्षानुवर्षं मेळ घालत होते. छे! जमलं नाही. "हिच्यासारखी मापाची वाटी गावात नाही," असं मात्र रोवेनाबाई म्हणायच्या, आणि मी चिंचेनं घासल्यावर चमकायची त्याहून जास्त चमकायची.

मग अनसूयाबाईंच्या मुलानं, नीलेशनं, माणिकपूरला फ्लॅट घेतला. कर्ज मंजूर झालं म्हणून पेढे आणले, आणि देवापुढे ठेवले ते माझ्यातच. मी बुचकळ्यात पडले. वाटीभर साखर फिटेपर्यंत ज्या घरात चैन पडत नसे, तिथे वीस वर्षांचं कर्ज झालं म्हणून पेढे! अनसूयाबाई वाडीतच राहिल्या, मला मात्र त्यांनी मुलाच्या नव्या घरी धाडलं. पुढे त्या फ्लॅटमध्ये सोफा आला हप्त्यावर, फ्रीज हप्त्यावर, नीलेशचा फोन हप्त्यावर. सोफ्यावर बसायला मात्र कुणी नाही. नीलेश आणि त्याची बायको राधिका दोघंही हप्ते भरायला दिवसभर कामावर. मी वरच्या फळीवर काळी पडत गेले. त्यांची लहानगी ओवी शाळेतून आली की समोरच्या मीराकाकींकडे राहायची. काकी तिला जेवू घालत, झोपवत, आणि पैशाचं नावही काढत नसत.

एकदा संध्याकाळी अचानक पाहुणे आले आणि साखरेचा डबा निघाला रिकामा. राधिकानं मला फळीवरून काढलं, ओढणीखाली लपवलं आणि समोरची बेल वाजवली. आता मला सांगा, सोफ्याचं कर्ज दिवाणखान्यात राजरोस मांडलेलं, आणि साखरेचं ओढणीखाली का?

"लपवतेस काय वेडे? हक्कानं मागत जा," असं म्हणत काकींनी मला काठोकाठ भरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधिकानं फोनवरून त्यांना वीस रुपये पाठवले. खाली लिहिलं, 'साखरेचे'. "कुणाचं काही ठेवायला नको बाई," असं म्हणून तिनं सुटकेचा निःश्वास सोडला. मीही खूश झाले. म्हटलं, चला, जन्मात एकदा तरी हिशेब जुळला!

कसला जुळतोय! संध्याकाळी काकी ओवीला घेऊन दारात आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते. "राधिका, साखरेचे वीस मिळाले. ओवीला सांभाळल्याचे किती पाठवणार आहेस? नको गं बाई. उद्यापासून तिला पाळणाघरात ठेव."

समोरचं दार लागलं. राधिका मटकन सोफ्यावर बसली.

"पाळणाघराला चार हजार कुठून आणायचे?" नीलेश म्हणाला. "घराचा हप्ता बाउन्स होईल."

"मग मी नोकरी सोडू?"

"मग तर दर महिन्याला होईल!"

"पण माझं चुकलं काय? पैसे दिले की मी! बुडवले थोडेच?"

मित्रांनो, मलाही अगदी हेच विचारायचं होतं.

राधिका रजा टाकून ओवीजवळ थांबली. रविवारी अनसूयाबाई केळी घेऊन आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मायेनं दिलेल्याचे पैसे मोजलेस? तिला दुकानदार करून टाकलंस तू!"

"मग आता साखर नेऊन देते, आई."

"देऊ नकोस. माग."

"पुन्हा? मला लाज वाटते हो."

"बँकेत मागताना वाटली होती का?" असं म्हणत सासूबाईंनी मला चिंचेनं खसाखसा घासलं आणि सुनेच्या हातावर ठेवलं.

या खेपेला मी उघड्या तळहातावरून गेले. काकींनी दार उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काकी, वाटीभर रवा देता का? आई आल्यात. शिरा करायचाय."

मला वाटलं, आता दार लागतंय. मग काकींनी मला उचलून आत नेलं आणि चांगली शीग लावून भरलं.

"आणि साखर आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

"नाहीये," राधिका म्हणाली.

खोटं! डबा गळ्यापर्यंत भरलेला मी स्वतः पाहिला होता. पण काकी हसल्या, आणि राधिका रडायला लागली. सोमवारी ओवी पुन्हा त्यांच्याकडे राहिली. त्या वीस रुपयांचं काकींनी तिला चॉकलेट आणलं, म्हणजे पुन्हा राधिकाच देणं लागते की काय, देव जाणे.

मित्रांनो, बँकेचे हप्ते वेळच्या वेळी भरा, अंथरूण पाहून पाय पसरा, हे तुम्हांला थोरले सांगतीलच. माझी विनंती एवढीच, की कुणाची वाटी घरी आली तर तिला घासूनपुसून ठेवा आणि रिकामी परत धाडू नका. शिरा भरून राधिकानं मला काकींकडे पाठवलं, त्याला बरेच दिवस झाले. मी अजून काकींच्याच ओट्यावर आहे. त्या मला परत करत नाहीत आणि राधिका मला मागत नाही.